तुरटी फिरवलेलं शुद्ध पाणी

आता रिटायर झालो, लपवून तरी काय करू? सांगूनच टाकतो. चहा घेत ऐका. किस्सा काही मोठा नाही, फजिती मात्र लई मोठी हाय.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. मी औशाच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, दोन वर्षांपासून टेंपररी. नव्या जिल्ह्याचे नवे शिक्षणाधिकारी माझा तास बघायला येणार होते. तास आवडला तर मी कायम, नाही आवडला तर गाठोडं बांधून सासुरवाडीला. त्यात दुष्काळ. तासाची तयारी कधी करणार? दिवस उजाडायच्या आधी टँकरच्या रांगेत, संध्याकाळी परत रांगेत. माणूस नुसता दमून गेलेला.

धडा होता आयनांचा. प्रयोगही ठरलेला. जुन्या सेलमधल्या दोन कांड्या पाण्यात सोडायच्या, त्यांना वायर आणि झिरोचा बल्ब जोडून वीज सोडायची. शुद्ध पाण्यात बल्ब लागत नाही. मीठ टाकलं की लागतो. आता यात चुकायला जागा आहे का, तुम्हीच सांगा. मी काढली.

असलं शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाणी औशाला बॅटरीवाल्याकडं मिळायचं. आदल्या दिवशी गेलो तर त्याच्या दुकानाला कुलूप. रिकाम्या हातानं घरी आलो. घरात टँकरचं पाणी, गढूळ, चहात दूध घातल्यासारखं. बायकोनं रोजच्यासारखी त्यात तुरटी फिरवून ठेवली होती. सकाळी बघतो तर गाळ खाली आणि वर पाणी कसं काचंसारखं. मी म्हणलं, याहून शुद्ध पाणी अख्ख्या तालुक्यात नसेल. भरली बाटली आणि निघालो. रसायनशास्त्राचा मास्तर मी, लक्षात ठेवा.

साहेब शेवटच्या बाकावर बसले, शेजारी हेडमास्तर. सुरुवात तर झकास झाली. सोडियमपाशी बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. यानं दिला, त्यानं घेतला. देणारा धन झाला, घेणारा ऋण झाला, दोघं एकमेकांना चिकटले आणि मीठ तयार. पाण्यात गेले की हेच आयन सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साहेब मान डोलवत होते. मला वाटलं, झालो कायम.

मग कांड्या पाण्यात सोडल्या आणि छाती काढून म्हणालो, "हे शुद्ध पाणी. यात आयन नाहीत, म्हणून बल्ब लागणार नाही."

बल्ब लागला.

पोरं हसली. मी म्हणालो, ग्लास खारट असेल. ग्लास विसळला, त्याच बाटलीतल्या पाण्यानं. परत ओतलं, परत लागला. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेब उठून पुढं येऊन उभे राहिले.

आता पुढचं सांगायची लाज वाटते. मला वाटलं, पाण्यात थोडा गाळ राहिला असणार. आणि तुरटीचा खडा होता खिशातच. त्या साली तुरटी सगळ्यांच्याच खिशात असायची, जिथं पाणी मिळंल तिथं फिरवायची. डोकं कुठं होतं म्हणून विचारू नका, ते पहाटेपासून टँकरच्या रांगेतच राहिलं होतं. साहेबांच्या देखत मी तो खडा काढला आणि ग्लासात गरागरा फिरवला. "आता बघा," म्हणालो.

बल्ब असा लख्ख लागला की विचारू नका.

मग दुसऱ्या बाकावरची सुजाता उभी राहिली. गरीब पोरगी, घरचं पाणी भरून मग शाळेला यायची, कधी तोंडातून शब्द काढायची नाही. हळूच म्हणाली, "सर, तुरटी बी क्षारच हाय की. मागल्या आठवड्यात तुम्हीच लिवून दिलंत. पाण्यात तिचे बी आयन होतात म्हणून."

साहेबांनी तिची वही मागवली. त्यात माझ्याच शब्दांत सगळं लिहिलेलं होतं. मीठ, मोरचूद आणि तिसऱ्या नंबरला तुरटी. साहेबांनी एकदा वहीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं.

तास संपला. साहेब ऑफिसात बसून शेरा लिहायला लागले. मी दाराबाहेर उभा, गाठोड्यात काय काय बांधायचं याचा विचार करत. ते गेल्यावर हेडमास्तरांनी मला आत बोलावलं आणि शेऱ्याची वही पुढं सरकवली. साहेबांनी लिहिलं होतं:

"विद्यार्थ्यांना विषय उत्तम समजला आहे. शिक्षकांस कायम करण्यास हरकत नाही. विद्यार्थी त्यांना सांभाळून घेतील."