आईच्या नवसाचं पारायण

लसणाची काढणी आणि ईस्टरच्या आधीचा उपवास फिलिपिन्समधल्या आमच्या इलोकोसात दरवर्षी एकदमच अंगावर येतात. त्यामुळे पवित्र आठवडा लागायच्या आतच प्रिमितिवाची कंबर धरलेली असायची. तरी ती अंगण झाडायची, दारात नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालून घ्यायची आणि येशूच्या दुःखभोगाची पोथी टेबलावर आणून ठेवायची. नवस आईचा होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली, नवस मात्र मागे राहिला होता.

पोथी गाऊन वाचायची. टेबलाच्या एका बाजूनं एक कडवं घ्यायचं, समोरच्या बाजूनं पुढचं, आणि शेवटपर्यंत आवाज तुटू द्यायचा नाही. प्रिमितिवासमोर बसायची तिची धाकटी बहीण बासिलिसा. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं प्रिमितिवानं केलं. त्यात स्वतःचं लग्नही राहून गेलं. बासिलिसाचं सासर रस्त्यापलीकडेच, पण पोरं आणि दुकान यांतून तिला सवड व्हायची नाही. आई गेल्यावर मात्र शवपेटीवर पडून तिनं असा आकांत केला की बायका तिलाच धरायला धावल्या. तेव्हा प्रिमितिवा सगळ्यांसमोर म्हणाली, "रडायला बरी आलीस. धुवायला कधी दिसली नाहीस."

त्या दिवसापासून बोलणं बंद. पण आई दोघींची, म्हणून बासिलिसा दर पवित्र गुरुवारी यायची, बहिणीच्या कडव्याला कडवं द्यायची आणि मुकाट्यानं निघून जायची. मी शेजारीण. वाचणाऱ्यांचा आल्याचा काढा आणि पेज माझ्याकडे असे, त्यामुळे हे सगळं मी जवळून बघत आले.

यंदा गुरुवारी दुपारी मांडवातसुद्धा उन्हाची झळ लागत होती. बाकीच्या बायका जेवायला पांगल्या आणि टेबलाशी दोघी बहिणीच उरल्या. क्रूस वाहणाऱ्या येशूला त्याची आई रस्त्यात भेटते, तिथे वाचन आलं होतं. प्रिमितिवानं कडवं उचललं, पण लगेच तिचा सूर घसरला आणि मान खाली गेली. बसल्या जागी झोप लागली होती तिला.

मी पळीसकट धावणार, तेवढ्यात बासिलिसानं राहिलेल्या ओळी उचलल्या. मग स्वतःचं कडवं गायली, मग पुन्हा बहिणीचं. दोन्ही बाजू एकटीच सांभाळत राहिली. काही वेळानं प्रिमितिवा दचकून जागी झाली आणि घाईघाईनं पान शोधू लागली. बासिलिसानं मला खूण केली. मला सूर कळत नाही, पण आवाज तुटायला नको म्हणून मीच गाऊ लागले. गाता गाता कान त्यांच्याकडे.

"मानांग, आत जाऊन पड," बासिलिसा म्हणाली. थोरल्या बहिणीला आम्ही मानांग म्हणतो. तो शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला होता, ते मला आठवेना.

"नवस मोडेल."

"कसा मोडेल? मी काय दुसऱ्या आईची आहे?"

आता प्रिमितिवा भडकणार असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "फार दमलेय गं मी."

"दिसतंय. कधीपासून दिसतंय."

"मग इतकी वर्षं तोंडात काय लसूण धरला होतास?"

"तू त्या दिवशी बोललीस ते खरं होतं, म्हणून लागलं," बासिलिसा म्हणाली. तिचे डोळे पोथीवरच होते.

प्रिमितिवा टेबलाला धरून उठली. "तुझा सूर खाली येतोय, सांभाळ," एवढंच म्हणून ती आत गेली आणि आईच्या खाटेवर आडवी झाली. संध्याकाळी पोथी बासिलिसानं पुरी केली. प्रिमितिवा चर्चमधल्या गुरुवारच्या मिस्साला उठली नाही, शुक्रवारच्या मिरवणुकीलाही गेली नाही. तिला कुणी हाक मारली नाही.

शनिवारी बासिलिसा मांडव उतरवायला आली. "पुढच्या वर्षीपासून हे माझ्या दारात."

"आणि मी काय करायचं?"

"बसून ऐकायचं. कंटाळा आला तर घरी जायचं."

प्रिमितिवानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा काढा फार पातळ असतो. तो तेवढा नीट करून घे."

मग ती पायरीवर पाय लांब करून बसली. बासिलिसा एकटीच झावळ्या ओढून खाली टाकत होती. उठून हात लावावा असं प्रिमितिवाला वाटलं असेलही, पण ती उठली नाही.