वरच्या मजल्यावरचं टेबल

फुनाबोरीत आमच्या वर राहणारे जपानी आजोबा आवाज करायच्या आधीच माफी मागायला येतात. पहिल्यांदा आले ते मिठाईचा डबा घेऊन. "काडतुसं भरायचं टेबल भिंतीला ठोकतोय. दोन तास त्रास होईल." भावाच्या गावी रानडुकरं शेतं नासवतात, म्हणून यांच्याकडे बंदुकीचा परवाना. बंदुकीचं नाव ऐकूनही मी डबा घेतला.

परवान्याची मुदत संपत आली की पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. दर खेपेला मी सांगायचो, "शांत माणूस आहे."

या खेपेला पोलीस यायच्या आधीच आजोबांनी मला जिन्यात गाठलं. प्रत्येक वाक्याआधी ते दम खातात. या वेळी आधी जिन्याचा कठडा धरला.

"कुठल्या काडतुसात दारू भरली, कुठल्यात नाही, हल्ली लक्षात राहत नाही. मला पोलिसांना सांगवत नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. पोलिसाने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं.

आज सकाळी बेल वाजली. दारात आजोबा, हातात तसाच डबा.

"परवाना परत केला. टेबल काढतोय," ते कमरेत वाकून म्हणाले. "दोन तास त्रास होईल."

दहा मिनिटांतच टेबल निघालं, आवाज थांबला.