चिंचोक्यांच्या मोहरा

ड्रॉवर आवरताना वीस बाजूंचा फासा हाताला लागला आणि कराडचं होस्टेल आठवलं. मामेभावानं अमेरिकेहून आणलेला खेळ मी चालवायचो; कुणाचं काय होणार ते फासा ठरवायचा. तिघं मित्र कागदावरचे वीर होऊन राक्षस मारायचे, खजिना लुटायचे. मोहरा म्हणजे चिंचोके. त्या रविवारी लुटीची वाटणी झाल्यावर दोघांनी खेळातल्या बाजारातून घोडे, तलवारी घेतल्या. तिसऱ्याचे वडील एकाहत्तरच्या लढाईत गेलेले. त्यानं सगळे चिंचोके माझ्यापुढं सारले. "तुझ्या खेळातल्या देवळातला पुजारी मेलेलं माणूस उठवतो न्हवं? माझ्या आबास्नी उठव गड्या." बाकीचे हसले. मी नियमाचं पान दाखवलं, "खेळात मेलेलंच माणूस उठतं." "व्हय, बराबर हाय," म्हणत त्यानं गुमान तलवार घेतली. फासा तर माझ्याच मुठीत होता. एकदा टाकला असता तर माझं काय जाणार होतं?