हळदीची मूठ

या, असे जवळ येऊन बसा. आणि हातातला तो लाकडी डाव आधी नीट धरा बघू. झुरळ उचलल्यासारखा चिमटीत काय धरलाय? शेजारचे भाऊ असते तर म्हणाले असते, "आधी हात बसू दे, मंग बोल." त्यांचं हे वाक्य ठरलेलं. घरात आलेली नवी सून असो की लग्नाचा आचारी, सगळ्यांना तेच.

दहिवलीत त्यांची नि आमची पडवी लागून. जन्मभर त्यांनी टेंपो चालवला, कर्जत ते खालापूर, कधी भाताची पोती, कधी लग्नाची भांडी. पळसदरीच्या वळणावर शिवणीच्या झाडाची फांदी मोडून पडलेली दिसली की टेंपो थांबलाच म्हणून समजा. एकदा लग्नाची भांडी उशिरा पोचली आणि वर ही भलीमोठी फांदी. नवरीच्या मामानं विचारलं, हे काय? तर हे म्हणाले, "आहेर हाय." आणि खरंच, पुढे त्याच फांदीचा डाव कोरून त्यांनी नवरीला नेऊन दिला.

टेंपो विकल्यावर तर काय, दुपारभर पडवीत पाय पसरून बसायचे. मांडीवर गोणपाट, हातात पटाशी, आणि शेवटी फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडणं. कुणी विकत मागितलं की रुसायचे.

त्यांची पद्धतच वेगळी होती. डाव द्यायचे तो कच्चा. वाटी गुळगुळीत, पण दांडा जाडजूड, ओबडधोबड. थोडे दिवस असाच वापर म्हणायचे. स्वयंपाक करताना हात हळदीचे, मग दांड्यावर बोटं पिवळी उमटायची. तेव्हा तो परत मागवायचे आणि त्या पिवळ्या खुणांवरून दांडा कोरायचे. म्हणून आमच्या आळीत एकीचा डाव दुसरीच्या हातात बसत नाही. घासताना अदलाबदल झाली तर पहिल्या ढवळण्यात कळतं.

बाहुल्याही करायचे. बैल, मोर, कोंबडा अगदी हुबेहूब. पण माणूस कोरला की नाक वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. शेतकऱ्याला तेच, शिपायाला तेच. गणपती तेवढा सोंडेमुळे वाचला. वहिनी कुरकुरायच्या, "माझं नाक तालुकाभर वाटलंय यांनी." भाऊ मान वर न करता म्हणायचे, "दुसरं पाठ नाय."

मग वहिनींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पाय ओढत चालायला लागल्या, हात मात्र लुळाच राहिला. पनवेलची लेक रोज फोन करायची, दोघं इकडेच या म्हणून. एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "हातानं ढवळता येत नाय, तर हितं काय नि लेकीकडं काय, सारखंच." ते ऐकून भाऊंनी ठेवणीतलं शिवणीचं लाकूड काढलं. घर सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

डाव्या हातासाठी सुंदर डाव केला. टोकाला मोर. वहिनींनी धरला नि तो पातेल्यात गेला. दुसरा केला, दांडा आणखी नाजूक. तोही हातात फिरला. तिसरा वहिनींनी बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, लेकीला कळवा, येतो म्हणून.

मी ताक द्यायला गेले, तर भाऊ पडवीत रिकाम्या पातेल्यात स्वतःच्या डाव्या हातानं डाव फिरवून बघत होते. मी विचारलं, "भाऊ, आळीत सगळ्यांना कच्चा देता, मग वहिनींनाच का नाही?"

"घरच्या मानसाला अर्धवट कसं देयाचं गं, ताई? तिचा हात मला ठावं हाय."

"तो उजवा," मी म्हटलं.

त्यांनी तो डाव पातेल्यातच सोडला आणि नवं लाकूड ओढलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींपुढे एक ओबडधोबड डाव आला. त्या आजारपणानंतर पहिल्यांदा हसल्या. "हा डाव हाय का मुसळ?"

"आधी हात बसू दे," भाऊ म्हणाले.

थोड्या दिवसांनी डाव परत आला, तर त्यावर बोटं नव्हतीच. अख्खी मूठ उमटली होती, वाटीच्या जवळ, लहान मूल खुळखुळा धरतं तशी. भाऊ त्या पिवळ्या मुठीवरून बराच वेळ अंगठा फिरवत होते. मग कोरायला बसले. आखूड, जाड, मुठीच्या खळग्याचा दांडा झाला. मोर नाही, काही नाही.

त्या डावानं वहिनींनी पिठलं केलं. गुठळ्या राहिल्या होत्या. भाऊंनी गुठळ्यांसकट पुन्हा वाढून घेतलं आणि लेकीला फोन लावला, "सणाला तूच ये हिकडं."

गेल्या भातकापणीच्या दिवसांत भाऊ गेले. दुपारचे पडवीत बसल्या बसल्याच, मांडीवर गोणपाट तसंच. वहिनी शेजारीच आहेत. लेक येऊन जाऊन असते. पिठल्यात आता गुठळी सापडत नाही.

तुमच्या हातातला हा डाव भाऊंनी मला शेवटचा दिलेला. माझी बोटं त्यावर छान पिवळी उमटलीत, दांडा मात्र कच्चाच राहिला. आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, आळीत हा एकच डाव आहे जो कुणाच्याही हातात चालतो. बघा, बोलता बोलता तुमचाही हात बसला की नाही?

निघालात? बरं, पण लवकर या. तेव्हा वहिनींना हाक मारीन, पिठलं टाकू. ढवळायचं तुम्ही, याच डावानं, आणि हळदीचे हात धुऊ नका हं आधी.