म्हावरं अमान्य

मी अंधेरीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधतो आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा भाषेत कळवतो. हे मला चांगलं जमतं. घरी मात्र मी काही वर्षं एक वेगळंच काम करत होतो, आणि त्याचा मला ऑफिसच्या कामापेक्षा जास्त अभिमान होता. मी मराठी शब्दखेळ बनवायचो. एकट्याने सोडवायची कोडी नव्हेत, पाच-सहा जणांनी एका वेळी आपापल्या घरून फोनवर खेळायचे खेळ.

लॉकडाऊनमध्ये कंटाळून मी पहिला खेळ केला आणि ओळखीच्या चारपाच जणांना पाठवला. त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना पाठवला. बघता बघता कट्टा जमला. मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका, बोरिवलीचे एक दातांचे डॉक्टर, घाटकोपरचं एक नवराबायकोचं जोडपं आणि असेच बरेच. रविवारी सकाळी अकराला सगळे जमायचे. मी खेळ मांडायचो, मीच पंच, आणि कुठला शब्द चालेल, कुठला नाही, ती यादीही माझ्याच हातात. सगळे मला 'सर' म्हणायचे. मी एकदाही 'सर म्हणू नका' असं म्हटलं नाही.

पहिला खेळ साधा होता. एकाने शब्द द्यायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याने. मात्रा माफ. पण त्यात एक भोक होतं. मराठीत ळ आणि ण वरून शब्द सुरूच होत नाहीत. चलाख खेळाडू मुद्दाम 'सकाळ', 'केळं', 'अंगण' असे शब्द टाकून पुढच्याची वाट लावायचे. मी नियम केला की असा शब्द दिला तर दोन गुण कापणार. मग कुणी तसे शब्दच देईना आणि खेळ बेचव झाला. मग अडलेल्याला सूट दिली, त्याची पाळी पुढे ढकलली, वेळ वाढवून पाहिली. तीन महिने मी त्या दोन अक्षरांशी झगडत होतो. आंघोळ करतानाही तेच डोक्यात असायचं.

आणि मग ती आली.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वय चाळिशीच्या आसपास. पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहायची, साडेदहाला मोकळी व्हायची आणि अकराला आमच्या कट्ट्यावर. डॉक्टर तिच्याच भागातून मासळी घ्यायचे, त्यांनीच तिला आणलं होतं. पहिले दोन रविवार ती नुसती खेळली. तिसऱ्या रविवारी कुणीतरी 'जेवण' टाकला, तिची पाळी अडली आणि तिने माइक चालू केला.

"दादा, एक बोलू?"

मला 'दादा' म्हणणारी कट्ट्यावर ती एकटीच.

"बोला ना, ताई."

"आमच्या घरी ण म्हणतच नाहीत कुणी. आजी 'पानी'च म्हणायची. आणि डोळ्याला 'डोला'. मग ण आला की न वरून जायचं, ळ आला की ल वरून. हाय काय त्यात?"

घाटकोपरचा नवरा लगेच म्हणाला, "झकास!" आणि त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मुलुंडच्या बाई म्हणाल्या, "अहो, किती सोपं होतं हे." डॉक्टर म्हणाले, "सर, घ्या, तुमचा प्रश्न सुटला."

मी म्हणालो, "पाहू. विचार करून सांगतो."

विचार करण्यासारखं काही नव्हतंच. उत्तर बरोबर होतं हे मला ऐकताक्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच ते मला झोंबलं. मी भाषेतच एम.ए. केलंय. माझ्या कपाटात चार शब्दकोश आहेत. तीन महिन्यांत मला जे सुचलं नाही ते या बाईने आजीच्या बोलण्यातून उचलून दिलं होतं, तेही माइक चालू करून, हसत हसत.

पुढच्या रविवारी मी नियम बदलला. कट्ट्यावर लिहिलं, "आजपासून नवा नियम." कुणाचा, ते लिहिलं नाही. मुलुंडच्या बाईंनी विचारलं, "ही ताईंची कल्पना ना?" मी उत्तर दिलं, "चर्चेतून आलं." त्या ताईने त्यावर होकाराचा अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा मला राग आला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बायकोला हे सगळं मी जेवताना सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. म्हटलं, "बोलीतले उच्चार खेळात आणायचे म्हणजे शुद्धलेखनाचं काय?"

ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "नियम घेतलास ना तू?"

"घेतला."

"मग शुद्धलेखन कुठे गेलं? तुला जळतंय रे, बाकी काही नाही."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

महिनाभराने त्या ताईने स्वतःचा खेळ आणला. नाव 'भरती-ओहोटी'. दोन गट. एका गटाने दोन अक्षरी शब्द द्यायचा, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरावरून तीन अक्षरी, मग चार, पाच, आणि तसंच उतरत परत दोनवर. चढताना एक गट अडला की दुसऱ्याने ओढून न्यायचं आणि तो गुण घ्यायचा. दर रविवारी वेगळा विषय. मी तो कागदावर मांडून भोकं शोधली, कारण तेच माझं काम. एकही सापडलं नाही. खेळ सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या खेळात लोक एकमेकांना अडवायचे आणि हिच्या खेळात एकमेकांना शब्द सुचवायचे, ओरडायचे, हसायचे. डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला लागला. माझ्या खेळात ते कधी हसल्याचं मला आठवेना.

तीन आठवड्यांत माझ्या खेळाला चार जण उरले. भरती-ओहोटीला गट पुरेनात. मी दर रविवारी दोन्हीकडचे खेळाडू मोजायचो. तिच्याकडे कोण गेलं, किती वेळ थांबलं, सगळं. यादी आणि पंचगिरी मात्र अजून माझ्याकडेच होती, कारण ती म्हणाली होती, "ते दादाच बघतील, त्यांना कळतं."

त्या रविवारी विषय होता खाण्याचे पदार्थ. शेवटचा डाव, दोन्ही गट बरोबरीत. समोरच्या गटाने दोन अक्षरी 'जॅम' दिला. मी मान्य केला. आता तिच्या गटाला म वरून तीन अक्षरी हवा होता. मसाला, मिरची, मोदक, मुरंबा, मासळी, सगळे वापरून झालेले. वेळ संपत आली होती. तिने टाइप केलं, 'म्हावरं'.

यादीत तो शब्द नव्हता. यादीत नसलेल्या शब्दावर पंचाने दोन मिनिटांत निर्णय द्यायचा, असा नियम. मी कपाटातला जाडा कोश काढला. म चं पान उघडलं. शब्द होता. अर्थासकट, 'मासळी' असा स्पष्ट लिहिलेला.

मी कोश मिटला आणि 'अमान्य'चं बटण दाबलं.

ती म्हणाली, "दादा, शब्द हाय हो. आमी रोज बोलतो."

"बोलत असाल, ताई. कोशात नाही."

घाटकोपरची बायको म्हणाली, "जॅम चालतो आणि म्हावरं नाही? काय यार सर."

"नियम नियम आहे," मी म्हणालो. माझा आवाज अगदी शांत होता. ऑफिसात चूक कळवतो तसा.

ती हरली. "ठीक आहे दादा," एवढंच लिहून गेली. मी त्या दिवशी खुशीत होतो, हे कबूल करतो. दुपारी झोपही मस्त लागली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिचा खेळ दुसऱ्या कुणी चालवायला घेतला, पण रंगेना. मला वाटलं होतं, लोक माझ्या खेळाकडे परततील. ते परतले नाहीत, येणंच कमी झालं. एका रविवारी अकरा वाजता कट्ट्यावर मी आणि मुलुंडच्या बाई, असे दोघेच होतो. त्यांनी सरळ विचारलं, "सर, तो शब्द तुम्ही खरंच पाहिला होता का? माझ्या कोशात आहे."

मी म्हणालो, "पाहतो परत." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यभर मुलांची कारणं ऐकलेली बाई, तिला कळायचं ते कळलं असणार.

त्यानंतरचा एक आठवडा मी वाईट काढला. दर वेळी कट्टा उघडला की वाटे, आज लिहू. आणि दर वेळी वाटे, थोडं असं फिरवून लिहू, की चूक नजरचुकीने झाली. शेवटी डॉक्टरांकडून तिचा ठावठिकाणा घेतला, शनिवारी अंधेरीहून मेट्रो पकडली आणि वर्सोव्याला गेलो.

ती घराबाहेरच्या अंगणात बसून जाळ्यातले तुटलेले फास नीट करत होती. मला आवाजावरून ओळखलं तिने. खुर्ची मागवली, पाणी दिलं.

मी म्हणालो, "ताई, तो शब्द कोशात होता. मी पाहिला होता. तरी अमान्य केला."

"मला माहितीय," ती म्हणाली. "लेकीच्या कॉलेजात मोठा कोश हाय. तिने सोमवारीच फोटो काढून आणला."

"मग तुम्ही कट्ट्यावर टाकला का नाही?"

"टाकून काय? तुमची लाज गेली असती. मला माझा शब्द पायजे होता, तुमची लाज नको होती." मग जाळं बाजूला ठेवून तिने विचारलं, "पण का केलंत दादा? मी काय वाकडं केलं तुमचं?"

मी खूप उत्तरं तयार करून गेलो होतो. ती सगळी सोडली. म्हणालो, "तुमचा खेळ माझ्यापेक्षा चांगला आहे."

ती हसली नाही. "आमच्या बंदरावर पण असंच चालतं," ती म्हणाली. "एखादीला जास्त भाव मिळाला की बाकीच्या तिची म्हावऱ्याची पाटी सरकवतात. मी पण सरकवलीय. पण तोंडावर सरकवायची. तुमी नियमाच्या आडून सरकवली, ते मला लागलं."

मी माफी मागितली. ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही. म्हणाली, "यादी आता तुमच्या एकट्याकडे नको. तिघांकडे द्या. मग मी येते."

रविवारी मी कट्ट्यावर सगळं लिहिलं. ळ आणि ण चा नियम कुणाचा, म्हावरं कुठल्या कोशात, मी काय केलं. शेवटच्या डावाचे गुण तिच्या गटाला दिले. काहींनी कौतुक केलं. घाटकोपरच्या नवऱ्याने मात्र लिहिलं, "सर, हे वाईट केलंत." मला त्याचंच वाक्य जास्त खरं वाटलं. यादी आता मुलुंडच्या बाई, डॉक्टर आणि ती बघतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी कितीतरी शब्द आत घेतले, आगरी, मालवणी, कोळी. त्यातले बरेच मला माहीतही नव्हते.

हेवा गेला का? नाही. ती नवा खेळ आणते तेव्हा तसंच झोंबतं. मी अजूनही मोजतो, तिच्याकडे किती आणि माझ्याकडे किती. फरक एवढाच, की आता मोजतोय हे मला माहीत असतं, आणि माझ्या हातात कुठलंही बटण नसतं.

गेल्या महिन्यात मी एक नवा खेळ केला आणि सगळ्यांच्या आधी तिला पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, खरं सांगू? पहिली दहा मिनिटं बोअर हाय. मधला भाग लय भारी. सुरुवात कापा."

मी फोन ठेवला, जरा वेळ चिडून बसलो, आणि मग सुरुवात कापायला घेतली.