वरवंडचा रिपोर्ट
अंजिराच्या पानांचा वास आला की वरवंडची मावशी आठवते. ऑपरेशननंतर ती ओट्यावर बसून पाटीत पानं अंथरत, अंजीर लावत होती. तिच्या अंडाशयातला दुर्मिळ कर्करोग लसिकाग्रंथींत पसरलाय का, याचा रिपोर्ट पुण्याहून घेऊन तिचे मालक, आमचे काका, आले. कागद खिशात कोंबत म्हणाले, "समदं ब्येस हाय." माझं डोकंच फिरलं. "रोग तिचा, रिपोर्ट तिचा! लपवता कशाला?" म्हणत मी कागद ओढला. मावशी म्हणाली, "वाच, पुढारीणबाई. पन आदी त्यास्नी पानी दे. त्वांड बघ कसं सुकलंय." पाणी देऊन मी मोठ्यानं वाचलं. दोन ग्रंथींत पसरला होता. मावशीनं काकांचा हात धरला. "पुण्यापास्नं एकट्यानंच सोसत आला व्हय?" आजही मी कुणाला पेशंटपासून रिपोर्ट लपवू देत नाही; फक्त वाचण्याआधी त्याच्या घरच्यांना पाणी देते.