पंधरा स्तोत्रांचा जिना

माझी मैत्रीण अमरावतीला राहते. सगळी हयात तिनं नर्सची नोकरी केली. मी अकोल्याला शाळेत मराठी शिकवलं. दोघीही आता निवृत्त. गेल्या हिवाळ्यात तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी आठ दिवस तिच्याकडे राहायला गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना दटावून चालायला लावणारी ही बाई, पण व्यायामाचं नाव काढलं की तोंडावर पांघरूण ओढून घ्यायची.

"एवढी मास्तरीण घरात आली हाय, तं काही वाचून तरी दाखव मले," ती पांघरुणातूनच म्हणाली आणि वडिलांची जुनी वही माझ्याकडे सरकवली. तिचे वडील चर्चमध्ये उपदेशक होते. वहीत बायबलमधल्या हिब्रू स्तोत्रांची मराठी भाषांतरं आणि त्यांवरची टिपणं होती. त्यांतली पंधरा स्तोत्रं यात्रेकरूंची, यरुशलेमच्या वाटेवर म्हणायची. शहर डोंगरावर, त्यामुळे यात्रेला जाणं म्हणजे चढणंच. चढण आणि पायरी या दोन्हींना हिब्रूत एकच शब्द, असंही वडिलांनी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

पुढचं वाचून मी हरखलेच. या स्तोत्रांत एक ओळ संपते, तिच्यातलाच शब्द उचलून पुढची ओळ उभी राहते. ओळीवर ओळ, जिन्यासारखी. मी तावातावानं समजावायला लागले, तशी पांघरुणातून आवाज आला, "चहा ठेव. ठेवला तं साखर टाक. टाकली तं मले आणून दे. असंच ना?"

"अगदी असंच!" मी ओरडले. आम्ही इतक्या हसलो की तिला गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला.

त्याच हसण्यात ठरलं. डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली की गच्चीवर जायचं, एकेका पायरीवर एकेक स्तोत्र म्हणत. मी पळत जाऊन पायऱ्या मोजल्या. चौदाच!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावला. तो जिन्याकडे बघत राहिला. "मावशी, जिना तं मस्त हाय. पंधरावी कुठी टाकू, आभायात?"

"खाली टाक," मैत्रीण म्हणाली, "माह्या पायाले झेपंल एवढी."

अंगणात एक बुटकी पायरी तयार झाली. मी अकोल्याला परतले, पण रोज फोन यायचा. आज वॉकर सोडला, आज काठी घेतली, आज ओसरीत दहा फेऱ्या. मग एके दिवशी, "ये. डॉक्टर हो म्हणाला."

मी सकाळच्या गाडीनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले ते थेट तिच्या अंगणात. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. एका हातात कठडा, दुसरा हात माझ्या खांद्यावर. मी स्तोत्र वाचायची, ती शेवटचे शब्द माझ्याबरोबर म्हणायची आणि पाय वर टाकायची. सातवं स्तोत्र घरी परतलेल्या माणसांचं. त्यांना सगळं स्वप्नासारखं वाटतं आणि त्यांच्या तोंडात हसू मावत नाही. माझ्याही मावेना. वाचता वाचता मी फिस्सकन हसले, मग ती. दोघी कठड्याला टेकून उभ्या.

बाकीची स्तोत्रं आटोपशीर, पण तेरावं लांबलचक निघालं.

"आटप वो! पाय थरथरून राहिला माहा," ती कळवळली. मी एका दमात उरकलं. चौदाव्यात भावांनी एकोप्यानं राहण्याचा आनंद वर्णिलाय. तो डोक्यावर ओतलेल्या तेलासारखा दाढीवर उतरतो, दाढीवरून अंगरख्याच्या गळ्यापर्यंत उतरतो.

"बाप्पा! आपण चढून राहिलो अन् तेल उतरून राहिलं!" ती म्हणाली. हसून हसून मला पायरीवरच बसावं लागलं.

शेवटच्या स्तोत्रात हात वर करायचे असतात. तिनं कठडा सोडून दोन्ही हात खरंच वर केले. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. शेजारच्या गच्चीवर वड्या वाळत घालणारी बाई धावत कठड्याशी आली. "काहून वो, काय झालं?"

"यात्रा पोचली," मैत्रीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसू थांबत नव्हतं. वडील गेल्यापासून त्या वहीतलं काही तिनं मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं, हे तिनं मला तिथं वर सांगितलं.

आम्ही ऊन अंगावर घेत बसलो. मी पिशवीतली संत्री काढली. चार फोडी खाल्ल्यावर तिनं जिन्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "उतरायचं कोणतं स्तोत्र हाय?"

मी वही पुढून चाळली, मागून चाळली. चढायचीच सगळी. उतरायचं एकही नाही.

"मंग राहू दे," ती म्हणाली आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं.